निळ्या गाडीचा साक्षीदार

गाडी जिथं लावली होती, तिथं गाडी नव्हती. तिथं एक माणूस होता.

नारिंगी जाकीट, गुडघ्यापर्यंत धूळ, तिपाईवर बसवलेल्या यंत्राला एक डोळा लावलेला आणि दुसरा असा घट्ट मिटलेला, की जणू कुणी चिमटा काढतंय. भिंगरी पायरीवरच थबकली. खांद्यावर रबरी पट्ट्यांची आणि चेंडूंची पिशवी, हातात किल्ली... आणि किल्ली लावायला समोर काहीच नाही.

तिचं खरं नाव वेगळं होतं. पण लहानपणापासून एका जागी टिकायची नाही म्हणून घरी सगळे तिला भिंगरी म्हणत. पुढं तिनं कामही तसंच निवडलं. घरोघर जाऊन आखडलेले खांदे, मोडून जुळलेले पाय, अर्धांगवायूनं रुसलेले हात पुन्हा कामाला लावायचे. दिवसाला सहा घरं. व्यायामाचं घडीचं टेबल, वॉकर, उशा, सगळा पसारा त्या निळ्या व्हॅनमध्ये.

"अहो... इथं एक निळी व्हॅन होती."

"होती," यंत्रावरचा डोळा न काढता तो म्हणाला. "आता नाही. बरं झालं, माझी मोजणीची खूण नेमकी तिच्या मागच्या चाकाखाली येत होती."

"बरं झालं?"

त्या आवाजानं त्याचे दोन्ही डोळे उघडले. समोर एक सडपातळ मुलगी, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, आणि तोंडचं पाणी पळालेलं.

"तुमची गाडी का ती? मग काळजी नको. तुमच्याच माणसानं गॅरेजला नेलीय. मी स्वतः मागं घ्यायला मदत केली त्यांना."

"माझा कुणी माणूस नाही!"

हे वाक्य तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली.

"उंच होता?" भिंगरीनं आवाज खाली आणला. "केस मागं बांधलेले? गळ्यात कॅमेरा?"

"हो... तोच." सर्व्हेअरचा चेहरा उतरला. "पण किल्ली होती हो त्याच्याकडे. काच फोडली असती तर मी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवले असते का?"

भिंगरी पायरीवर मटकन बसली. चोराला वाट दाखवणारा इतका सज्जन माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"पोलिसांत जायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी ड्रायव्हरकाका. बारा वाजता त्यांच्या हाताचा व्यायाम." ती उठली. "पायी पाऊण तास लागेल."

"मोटरसायकलवर दहा मिनिटं," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता यंत्र पेटीत ठेवायला लागला. "चूक माझी आहे. निदान दहा मिनिटांची तरी."

*

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं कागद बघितले आणि हात वर केले. "गाडी त्यांच्या नावावर. किल्ली त्यांच्याकडे. मग चोरी कुणी कुणाची केली म्हणायची, बाई?"

गाडी नेणाऱ्या त्या फोटोग्राफरबरोबर भिंगरी तीन वर्षं एका घरात राहिली होती. लग्न करू, करू म्हणत राहिलं होतं. व्हॅन घेतली तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या पत्त्याचा एकही कागद नव्हता. घरभाड्याचा करार त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. "नाव कुणाचं का असेना, गाडी तुझीच," असं म्हणून त्यानं सह्या केल्या. हप्ते पहिल्यापासून तिच्या कमाईतून जात होते. तेव्हा त्यात तिला काही खटकलं नाही. प्रेमात माणूस पावती मागत नाही.

मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. तो फक्त तिच्या वतीनं सगळं ठरवायचा. हॉटेलात तिच्यासाठी काय मागवायचं, ताईकडे किती दिवस जायचं, कुणाशी किती बोलायचं. एका सकाळी तिच्या फोनवरून त्यानं साही पेशंटांना कळवून टाकलं की बाई आजारी आहेत... कारण त्याला डोंगरावर फोटो काढायला जायचं होतं, आणि ती सोबत हवी होती. त्या दिवशी ती डोंगरावर गेली नाही. व्हॅनमध्ये दोन बॅगा टाकून ताईकडे आली. त्याला सात महिने झाले होते. दुसरी किल्ली मागून घ्यायची मात्र राहून गेली.

"राहून गेली?" ताईनं कपाळावर हात मारला. "अगं, माणूस सोडलास आणि किल्ली त्याच्याकडेच ठेवलीस!"

"बोलावं लागलं असतं ना त्याच्याशी..."

"आता बोल. वकिलासमोर बोल."

वकीलबाई ताईच्या मैत्रिणीची नणंद निघाली. बोलायला तिखट, पण कामाला चोख. हप्त्यांचे पुरावे बघून ती म्हणाली, "आधी हे कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात जाईल. हे आहे, पण तिथं पुरेसं नाही. तो म्हणेल, एकत्र राहत होतो, घरखर्च वाटून घेत होतो. गाडी तुझी आहे असं त्यानं कधी कुणासमोर कबूल केलंय?"

भिंगरीला नारिंगी जाकीट आठवलं.

*

सर्व्हेअरनं खिशातून एक जाडजूड वही काढली. ती सगळी आकड्यांनी भरलेली. मोजणी चालू असताना आजूबाजूला जे जे होईल, ते वेळेसकट लिहायची त्याची सवय होती. रस्त्यावरून म्हैस गेली तरी तो लिहायचा.

"हे बघा." त्यानं बोट ठेवलं. "अकरा वीस. निळी व्हॅन हलवली. चालक म्हणाला, बाईंची गाडी आहे, गॅरेजला नेतोय."

भिंगरीनं ती ओळ तीनदा वाचली. अक्षर लहान, उभं, स्वच्छ.

"तुम्ही हे मध्यस्थी केंद्रात सांगाल?"

"सांगेन की. झालं तेच सांगायचं आहे."

त्या दिवसापासून तो रोज सकाळी सातला ताईच्या फाटकाशी यायला लागला. त्याचं काम नऊला सुरू व्हायचं. तोवर तिची दोन घरं उरकायची. पहिल्या दिवशी भिंगरी मोटरसायकलच्या मागच्या दांडीला धरून बसली. तिसऱ्या दिवशी एक खड्डा असा आला की हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला, आणि तिथंच राहिला.

"खड्डा मुद्दाम घेतलात."

"मी रस्त्याची मोजणी करतो, बाई. खड्डे मला पाठ आहेत." थोडं थांबून, "...हा जरा विसरलो होतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तिचं तिलाच दचकायला झालं.

पण घडीचं टेबल व्हॅनबरोबर गेलं होतं. वॉकरही गेला होता. पेशंटांना जमिनीवर, पलंगावर, जिथं जमेल तिथं झोपवावं लागे. लांबची दोन घरं सुटली. सगळ्यात हाल झाले ड्रायव्हरकाकांचे. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. झटक्यानंतर उजवी मूठ उघडायला तयार नव्हती. रबरी चेंडूला दाद न देणारी ती मूठ व्हॅनच्या स्टिअरिंगवर मात्र बोट-बोट करून उलगडायची. आता भिंगरी त्यांच्या हातात जेवणाचं रिकामं ताट द्यायची.

"ताट वळवून गाडी कुठं जाते, बाई?" काका चिडायचे. महिन्याभरात मूठ पुन्हा मिटत चालली. भिंगरी त्यांच्यासमोर हसायची आणि जिन्यात येऊन डोळे पुसायची.

एकदा ती अशी डोळे पुसत बाहेर आली, तर भुरभुर पाऊस. सर्व्हेअर रस्त्यापलीकडे काम करत होता. मोठी पांढरी छत्री यंत्रावर धरलेली. तिला बघताच छत्री उचलून तो धावत आला.

"अहो, यंत्र भिजेल!"

"त्याला कव्हर आहे. तुम्हाला नाही."

छत्री मोठी होती, तरी तो तिच्या बाहेरच उभा होता. पाणी त्याच्या कानावरून मानेवर, मानेवरून कॉलरमध्ये. भिंगरीनं त्याची बाही धरली आणि त्याला आत ओढलं. तिनं बाही सोडलीही नाही.

*

आणि त्याच आठवड्यात, संध्याकाळी, ताईच्या फाटकाशी निळी व्हॅन येऊन उभी राहिली.

भिंगरीचं काळीज लक्कन हललं. आधी गाडी दिसली म्हणून... मग आत कोण आहे ते दिसलं म्हणून.

"बस ना. दोनच मिनिटं." फोटोग्राफरनं शेजारचं दार उघडलं. तेच हसू, ज्याच्यावर ती एके काळी भाळली होती.

"तू उतर."

तो उतरला. बॉनेटला टेकून उभा राहिला. "वाळलीस. पायी फिरतेस का?"

"टेबल दे माझं. पेशंटांचे हाल होतायत."

"टेबल घे, गाडी घे, सगळं घे. परत ये. म्हणजे माझं-तुझं असा प्रश्नच येणार नाही."

"आणि नाही आले तर?"

"मग कागद आहेतच." तो हे धमकीसारखं बोलला नाही, लाडानंच बोलला. तेच भिंगरीला जास्त बोचलं. "किती दिवस भांडणार? गाडीसाठी भांडतेस की माझ्याशी बोलायला निमित्त हवंय?"

उघड्या दारातून मागच्या उशा दिसत होत्या, तिच्या मलमांचा ओळखीचा वास येत होता. हो म्हटलं की उद्या सकाळी ड्रायव्हरकाकांचा हात स्टिअरिंगवर. किती सोपं होतं! तिच्या मनात तो विचार आला, खोटं कशाला बोला. पण मग तिला त्या सकाळी पाठवलेले साही निरोप आठवले. बाई आजारी आहेत. बाई आजारी आहेत.

"नाही," ती म्हणाली. "निमित्त तुला हवंय."

त्याचं हसू मावळलं. "तो नारिंगी जाकीटवाला कोण?"

"साक्षीदार."

"साक्षीदाराच्या खांद्यावर हात ठेवून फिरतेस?"

"मग मोटरसायकलवरून पडू?"

"विचारीन मी हे केंद्रात, सगळ्यांसमोर." त्यानं दार आपटलं. "बघू मग तुझा साक्षीदार किती खरा ठरतो!"

व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली, तरी भिंगरी फाटकाची कडी धरून उभीच होती.

*

वकीलबाईनं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मला खरं सांग, तुमच्या दोघांत काही आहे?"

"अजून... नाही."

"हे 'अजून' कुठं बोलू नकोस. सुनावणी तीन आठवड्यांवर आलीय. तोवर भेटायचं नाही. आणि त्याला सांगून ठेव, विचारलं तर म्हणायचं, ओळख आहे, बाकी काही नाही."

शेवटचं भेटायचं म्हणून दोघं बागेतल्या बाकावर बसले. मध्ये तिची पिशवी. दुपारची वेळ, बाग रिकामी, माळी लांब कुठंतरी पाइपानं पाणी घालत होता.

भिंगरीनं निरोप सांगितला. सर्व्हेअर बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"बाकी काही नाही, असं म्हणायचं?"

"हो."

"आणि ते खोटं असेल तर?"

हेच ऐकायची ती इतके दिवस वाट बघत होती... आणि आत्ता, नेमकं आत्ता, तिला ते ऐकायचं नव्हतं.

"पुढं बोलू नका," ती घाईनं म्हणाली. "तुम्ही बोललात की मला माहीत होईल. माहीत झालं की मलाही खोटं बोलावं लागेल. एवढंच म्हणा ना तिथं. थोडंसं खोटं."

"मी तिथं एकच गोष्ट घेऊन चाललोय: मी खरं बोलतोय एवढीच. त्यातच थोडंसं खोटं मिसळलं, तर उरलं काय?"

"तुमचं काय जातं?" तिचा आवाज चिरकला. "माझं पोट आहे त्या गाडीवर! काकांचा हात आहे! तुम्हाला तुमचा खरेपणा मिरवायचाय, आणि तो माझ्या जिवावर?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मिरवायचा नाही," एवढंच तो म्हणाला.

"मग येऊच नका साक्षीला!"

ती पिशवी उचलून निघाली. मागून तो हाक मारेल असं वाटत होतं. त्यानं मारली नाही. फाटकाबाहेर आल्यावर तिनं वळून पाहिलं, तर तो तसाच, मध्ये पिशवीपुरती जागा सोडून बसलेला.

ते तीन आठवडे कसे गेले ते तिचं तिला माहीत. सकाळी सात वाजले की कान फाटकाकडे लागायचे. ताई काही विचारायची नाही, फक्त चहाचा कप पुढं करताना म्हणायची, "भिंगरे, दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून पी. पण सांडून नको देऊस."

*

मध्यस्थी केंद्राची खोली लहान होती. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, पाण्याचे सहा ग्लास. मध्यस्थ बाई निवृत्त न्यायाधीश. चष्मा साखळीला लावलेला, नजर मात्र बिनचष्म्याची तीक्ष्ण. एका बाजूला फोटोग्राफर आणि त्याचा कडक इस्त्रीचा वकील, दुसऱ्या बाजूला भिंगरी आणि वकीलबाई. मध्यस्थ बाईंनी दोन्ही पक्षांना एकेक साक्षीदार आणायची मुभा दिली होती. फोटोग्राफरनं कुणाला आणलं नव्हतं. त्याच्याकडे कागद होते.

सर्व्हेअर येणार की नाही, भिंगरीला ठाऊक नव्हतं.

दार उघडलं. तो आला. जाकीट नव्हतं, पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात ती वही. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

झालं ते त्यानं सांगितलं, जसं झालं तसं. स्वतः हात हलवून गाडी मागं घ्यायला मदत केली, तेसुद्धा. मग कडक इस्त्रीवाल्यानं घसा साफ केला.

"या बाईंना तुम्ही रोज मोटरसायकलवरून सोडत होता?"

"रोज नाही. रविवार सोडून."

मध्यस्थ बाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"सरळच विचारतो. तुमचं आणि या बाईंचं काही आहे का?"

"हा प्रश्न गाडीचा नाही," वकीलबाई फणकारली.

"साक्षीदाराचा आहे," मध्यस्थ बाई म्हणाल्या. "उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं."

पंखा कुरकुरत राहिला. भिंगरीनं ग्लास घट्ट धरला होता. नाही म्हण... एकदाच नाही म्हण... आणि त्याच वेळी आतून कुणीतरी दुसरंच काही म्हणत होतं.

"यांचं मला माहीत नाही," सर्व्हेअर म्हणाला. "माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मला त्या आवडतात. फार." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "त्यांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्याआधी तुम्हाला सांगावं लागतंय, याचं वाईट वाटतं."

वकीलबाईनं डोळे मिटून घेतले. कडक इस्त्रीवाला खुर्चीत मागं रेलला. "झालं! प्रेमात पडलेला माणूस काय वाटेल ते सांगेल."

"सांगेल," सर्व्हेअरनं मान डोलावली. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. वहीवर ठेवा. अकरा वीसची ओळ आहे. वरची मोजणी अकरा पंधराची, खालची अकरा पंचवीसची. मध्ये नंतर काही घुसडायला जागा नाही. आणि या बाईंना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं ते अकरा चाळीसला. तेही लिहिलंय."

"काय लिहिलंय?" मध्यस्थ बाईंनी चष्मा चढवला.

त्यांनी वही ओढून स्वतःच वाचलं. "अकरा चाळीस. गाडीच्या मालकीणबाई आल्या. रडल्या नाहीत. काम थांबवलं." त्यांनी वही मिटली. मग फोटोग्राफरकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही असं म्हणालात? बाईंची गाडी?"

त्याच्या वकिलानं त्याच्या कोपराला हात लावला. फोटोग्राफर भिंगरीकडेच बघत होता. "तू सांग. मी म्हणालो असेन?"

तिनं ग्लास खाली ठेवला.

"म्हणाला असशील. सवयीनं. तीन वर्षं तू सगळ्यांना हेच सांगायचास, ही हिची गाडी, हिच्या कष्टाची. मला अभिमान वाटायचा तेव्हा. तू खोटं बोलत नव्हतास." ती थांबली. "माझ्याबद्दल तू काय वाटेल ते ठरवलंस. निदान हे एक तरी बदलू नकोस."

मग फोटोग्राफरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, झोपेतून उठल्यासारखं.

"म्हणालो," तो हळू म्हणाला. "मला गाडी नको होती. गाडी माझ्याकडे असली, तर ही भांडायला तरी येईल, असं वाटलं. आली. पण... दुसऱ्याच्या मोटरसायकलवर आली."

त्यानंतर अर्ध्या तासात कागद झाले. गाडी तिच्या नावावर करून द्यायची, दोन्ही किल्ल्या आणि आतलं सगळं सामान द्यायचं. सही करताना त्यानं मान वर केली नाही. भिंगरीला त्याची दया आली. पण दयेपोटी माणसाकडे परत जायचं नसतं, एवढं तिला आता कळत होतं.

ती धावत बाहेर आली. बाहेरचा बाक रिकामा होता. साक्ष संपल्यावर सर्व्हेअर निघून गेला होता.

*

आठ दिवसांनी व्हॅन आली. भिंगरीच्या नावाची. सगळ्यात आधी ड्रायव्हरकाका बसले स्टिअरिंगवर. करंगळी उलगडायला दहा मिनिटं, अनामिकेला पाच. घामाघूम झालेले काका दम खाऊन म्हणाले, "गाडी आली. आणि मोटरसायकल कुठं गेली?"

"त्यांनी फोन केला नाही."

"तुम्ही केलात?"

भिंगरी त्यांचा अंगठा सैल करायला लागली.

"येऊ नका म्हणून कुणी सांगितलं होतं त्याला?"

"मी."

"मग फोन कुणी करायचा?" काकांनी हॉर्न दाबला. चांगल्या हातानं, पण जोरात.

तिनं फोन केलाच नाही. त्याच्या ऑफिसात विचारलं. तो नदीच्या बांधावर मोजणीला गेला होता, गावाबाहेर. भर दुपारी ती तिथं पोचली. मोकळा वारा, पाण्यावर ऊन तुकडे-तुकडे होऊन हलत होतं. तो पांढऱ्या छत्रीखाली यंत्रावर वाकला होता. गाडीचा आवाज ऐकून सरळ झाला, आणि तसाच उभा राहिला, एक हात यंत्रावर, दुसऱ्याचं काय करावं ते न कळून.

ती उतरली. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं.

"तुमच्यावर रागावलेय मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत नाही. सगळ्यांना सांगितलंत. त्या इस्त्रीवाल्याला सांगितलंत. मला नाही."

"बागेत सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, पुढं बोलू नका."

"मी तर येऊ नका असंही म्हणाले होते. ते कुठं ऐकलंत?"

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "ते ऐकलं असतं, तर तुमची गाडी गेली असती. हे ऐकलं नसतं, तर... तुम्ही गेला असता."

ती बांधाच्या दगडावर बसली. तो जरा अंतर ठेवून बसला. या वेळी मध्ये पिशवी नव्हती.

"मला भीती वाटते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तुमची नाही. माझी. मागच्या वेळी मी एवढी विरघळले की माझा म्हणून पत्तासुद्धा उरला नव्हता. आता कुठं एक गोष्ट माझ्या नावावर झालीय. मला माझं घर घ्यायचंय भाड्यानं, लहानसं, ताईच्या जवळ. मला घाई जमायची नाही."

"बरं."

"नुसतं बरं?"

"मी नदी मोजतोय. तीन महिने लागणारेत. मला घाईची सवयच नाही."

भिंगरी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं हात पुढं केला. त्याचा आखडून मांडीवर पडलेला हात धरला आणि सवयीनं एकेक बोट सैल करायला लागली.

"इतकी कसली ताठ करून ठेवलीत बोटं?"

"आठ दिवस झाले."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. अगदी साधं, जणू वेळ सांगावी तसं. मग तिच्याच लक्षात आलं की ती काय बोलली आणि कसं बोलली. कानापर्यंत लाल झाली; पण हात सोडला नाही.

त्यानं दुसऱ्या हातानं खिशातली वही काढली, पेन काढलं.

"ए! हे लिहायचं नाही!"

"वेळ तरी?"

"वेळही नाही."

त्यानं वही काही न लिहिता मिटून खिशात ठेवली. नदीवरून वारा आला, तिपाईवरची छत्री कलंडली आणि उतारावरून गडगडत पाण्याकडे निघाली. दोघांनीही ती पाहिली. उठलं कुणीच नाही.